पाचव्या शेजाऱ्याची अडचण

सोलापूर जिल्हा नकाशात रंगवायचा तर चार रंग लागतात, आणि हे सिद्ध करायला संगणक लागत नाही. जिल्ह्याचे शेजारी मोजा: पुणे, अहिल्यानगर, धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर, सांगली, सातारा. सात झाले. हे सातही सोलापूरला भिडलेले आहेत, आणि प्रत्येकाची हद्द पुढच्याच्या हद्दीला लागते. शेवटचा सातारा पुन्हा पुण्याला लागतो. शेजाऱ्याशेजाऱ्यांचे रंग वेगळे हवेत, एवढीच अट. या कड्यावर लाल-पिवळा, लाल-पिवळा असं आळीपाळीने देत गेलं की सातव्यावर गाडी अडते, कारण सात हा विषम आकडा. तिथे तिसरा रंग काढावा लागतो. आणि मधलं सोलापूर या तिन्ही रंगांचं शेजारी, म्हणून त्याला चौथा. गंमत अशी की कर्नाटक हा सगळा एकच प्रदेश धरला तर कडं सहाचं होतं आणि एवढ्या भागाचं तीन रंगांत भागतं.

मंद्रूपच्या पोरांना हे पटकन कळतं. सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचं आमचं गाव. वडकबाळला सीना ओलांडून इकडे यायचं, आणि पुढे टाकळीपाशी भीमा ओलांडली की विजयपूर जिल्हा. वर्गातल्या निम्म्या घरांत कन्नड बोललं जातं, सोयरिकी पलीकडे इंडी तालुक्यात. हद्द म्हणजे काय, कोण कुणाला लागून आहे, हे त्यांना शिकवावं लागत नाही. मी फळ्यावर जिल्हे पुसून त्यांच्या जागी बिंदू काढतो, हद्द लागत असेल तिथे रेघ ओढतो. रेघा एकमेकींना छेदत नाहीत. नकाशाचा ग्राफ होतो, आणि गणित सुरू होतं.

इतिहास मी थोडक्यात उरकतो, कारण तो सगळीकडे मिळतो. १८५२ साली फ्रान्सिस गथ्री या तरुणाला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना वाटलं की चार रंग कुठल्याही नकाशाला पुरावेत. त्याच्या भावाने प्रश्न आपले प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यापुढे ठेवला. २३ ऑक्टोबर १८५२ला डी मॉर्गन यांनी गणितज्ञ हॅमिल्टनना पत्र लिहिलं. हॅमिल्टनना त्यात रस वाटला नाही. मग १८७९मध्ये आल्फ्रेड केंपे या वकिलाने सिद्धता छापली. ती अकरा वर्षं सगळ्यांनी मानली. १८९०मध्ये पर्सी हीवूड यांनी तिच्यातलं भोक दाखवलं. शेवटी १९७६मध्ये इलिनॉय विद्यापीठात केनेथ अ‍ॅपल आणि वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाचे हजारभर तास खर्चून दीड हजारांवर आकृत्या तपासल्या आणि प्रमेय सिद्ध झालं. १९९७ला छापून आलेल्या रॉबर्टसन, सँडर्स, सेमूर आणि थॉमस यांच्या सिद्धतेत त्या आकृत्या ६३३वर आल्या. २००५मध्ये जॉर्ज गोंतिए यांनी संपूर्ण युक्तिवाद पुन्हा दुसऱ्या संगणक प्रणालीकडून ओळीओळीने तपासून घेतला. म्हणजे आता शंकेला जागा नाही.

मग नवी सिद्धता कशाला शोधायची? हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये, घरी आणि एकदा एस.टी.तही विचारून झाला आहे. संगणकाची सिद्धता खरी सिद्धताच नव्हे, असं कुरकुरणाऱ्यांतला मी नाही. गोंतिएंच्या तपासणीवर माझा माझ्या वहीपेक्षा जास्त विश्वास आहे. पण तास संपायच्या आत फळ्यावर ती मांडता येत नाही. ६३३ आकृत्या एकेक करून ठीक निघाल्या, एवढं पोरांना सांगता येतं. चारच का, हे सांगता येत नाही. माझी मागणी एवढीच आहे: एका तासात खडूने सांगता येईल अशी सिद्धता. ती मिळेल असं वचन कुणी दिलेलं नाही, आणि मिळाली नाही म्हणून कुणी माझा पगार कापणार नाही. कॉलेज सुटल्यावर सीनाकाठच्या उन्हात दुसरं काही करण्यापेक्षा हे बरं.

केंपे यांची चुकलेली सिद्धता मात्र तासात बसते, आणि ती मी दर वर्षी शिकवतो. चूक आहे हे आधी सांगत नाही. ऑयलरच्या सूत्रावरून निघतं की रेघा न छेदणाऱ्या ग्राफमध्ये कुठला तरी एक बिंदू असा असतोच, ज्याला जास्तीत जास्त पाच शेजारी. तो बिंदू बाजूला काढा, उरलेला ग्राफ चार रंगांत रंगवा, मग तो बिंदू परत ठेवा. शेजारी तीन असतील तर चौथा रंग मोकळाच आहे. शेजारी चार असतील आणि ओळीने लाल, निळा, पिवळा, हिरवा असे रंगले असतील, तर एक युक्ती करायची. लाल शेजाऱ्यापासून निघून फक्त लाल आणि पिवळ्या बिंदूंवरून जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जायचं. ही साखळी समोरच्या पिवळ्या शेजाऱ्याला गाठत नसेल, तर तिच्यातले लाल-पिवळे अदलाबदल करायचे. लाल मोकळा झाला. गाठत असेल, तर निळ्या आणि हिरव्या शेजाऱ्याच्या मध्ये ती आडवी आली. आता निळ्यापासून निघालेली निळी-हिरवी साखळी तिला ओलांडून हिरव्याकडे जाऊ शकत नाही, कारण रेघा छेदत नाहीत. मग तिथे अदलाबदल करायची. हा युक्तिवाद इतका देखणा आहे की वर्गात दोन-तीन जण हमखास मान डोलावतात.

आणि शेजारी पाच असतील तर? चार रंगांतला एक रंग दोघांना आलेला असतो. केंपे म्हणाले, दोन साखळ्या एकाच वेळी उलटा. सुटी सुटी धरली तर दोन्ही अदलाबदली निर्दोष आहेत. पण पहिली केली की दुसरी ज्या आडव्या साखळीच्या भरवशावर होती तीच तुटू शकते. बेल्जियमच्या आल्फ्रेड एरेरा यांच्या नावाचा १७ बिंदूंचा, ४५ रेघांचा एक ग्राफ आहे. केंपेच्या रीतीची परीक्षा घ्यायला तो प्रसिद्ध आहे. तो मी पुठ्ठ्यावर काढून ठेवला आहे. पोरांना चार रंगांचे खडू द्यायचे आणि सांगायचं, करा. पांढरा, पिवळा, गुलाबी, निळा. खोक्यात निळा सगळ्यात आधी संपतो, मग निळ्याऐवजी फुली. साखळी उलटताना बाहीने पुसायचं, पुन्हा रंगवायचं. दोघंजण दोन बाजूंनी एकदमच उलटायला लागतात आणि मध्ये कुठेतरी एक रेघ अशी निघते जिच्या दोन्ही टोकांना गुलाबी. एक जण दुसऱ्याला म्हणतो, तू चुकलास. कुणीच चुकलेलं नसतं. हे कळायला त्यांना जो वेळ लागतो, तेवढ्या वेळासाठी मी हा तास घेतो.

हीवूड यांनी ज्या लेखात केंपे यांचा दोष दाखवला, त्यातच त्यांनी तीच युक्ती वापरून पाच रंग पुरतात हे नीट सिद्ध केलं. त्यामुळे पाच रंगांचं प्रमेय पदवीच्या पोरालाही झेपतं. चार आणि पाच यांच्या मध्ये जे काही आहे ते सगळं त्या पाच शेजाऱ्यांच्या बिंदूपाशी साठलेलं आहे. माझ्या वह्या चाळल्या तर प्रत्येक प्रयत्नाच्या शेवटी कुठल्या ना कुठल्या वेशात हाच बिंदू उभा असतो.

मध्यंतरी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने, भंडारकवठ्याहून येते, स्वतःच्या डोक्याने एक वाट काढली. नकाशात जिथे तीन हद्दी मिळतात असे तिठे घ्यायचे. हद्दीहद्दीवरून चालत, प्रत्येक तिठ्यावर एकदाच जाऊन, सुरुवातीच्या जागी परत येणारा एकच फेरा सापडला समजा. फेऱ्याने नकाशाचे आत आणि बाहेर असे दोन भाग केले. आतल्या प्रदेशांमधल्या उरलेल्या हद्दी या कडेपासून कडेपर्यंत जाणाऱ्या आणि एकमेकींना न भेटणाऱ्या आडव्या रेषा, म्हणून आत दोन रंग आळीपाळीने पुरतात. बाहेरही तसंच, दुसरे दोन रंग. दोन आणि दोन चार. “सर, आत दोन, बाहेर दोन,” असं म्हणून ती खडू ठेवून जागेवर बसली.

युक्तिवादात शब्दाचीही चूक नव्हती. प्रश्न एवढाच की असा फेरा नेहमी सापडतो का. स्कॉटलंडचे पीटर टेट यांनी १८८०च्या दशकात तो सापडतो असं धरलं होतं, आणि साठेक वर्षं ते कुणाला खोडता आलं नाही. १९४६ला विल्यम टट यांनी ४६ तिठ्यांचा एक नकाशा दाखवला, ज्यात असा फेरा नाहीच. मी तिला टट यांची आकृती दुसऱ्या दिवशी दिली, त्या दिवशी दिली नाही. एक रात्र तिला ते प्रमेय स्वतःचं वाटू द्यायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी आकृती बघून ती रडली वगैरे नाही. तिने विचारलं, “मग त्यांनी हे शोधलं कसं?” हा प्रश्न बरोबर होता, आणि पुढचा आठवडा आमचा त्यातच गेला.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते डेन्मार्कच्या कार्स्टन थॉमसेन यांच्या १९९४च्या लेखाने. तो पानभरापेक्षा फार मोठा नाही. प्रश्न असा: प्रत्येक बिंदूला आपापली पाच रंगांची यादी दिली आहे, प्रत्येकाची यादी वेगळी असू शकते, प्रत्येकाने आपल्या यादीतूनच रंग घ्यायचा आणि शेजाऱ्याशी जुळू द्यायचा नाही. नेहमी जमतं का? थेट विगमनाने, म्हणजे लहान ग्राफ रंगतो असं धरून त्यावरून मोठा रंगवायचा या रीतीने, हे सुटत नाही. थॉमसेन यांनी गोष्ट अवघड करून मागितली. आतल्या बिंदूंना पाच रंग, पण बाहेरच्या कडेवरच्या बिंदूंना फक्त तीन, आणि कडेवरच्या दोन शेजारी बिंदूंना तर आधीच रंग देऊन टाकलेले. एवढ्यातही जमतं, असं त्यांचं म्हणणं.

आता बघा. कडेचे दोन बिंदू एखाद्या आतल्या रेघेने जोडलेले असतील तर त्या रेघेवर ग्राफ दोन तुकड्यांत फोडा, आणि एकेक तुकडा रंगवा. अशी रेघ नसेल, तर रंगवलेल्या बिंदूचा कडेवरचा पुढचा शेजारी पकडा. त्याच्या तीन रंगांतून, शेजाऱ्याचा सोडून, दोन रंग त्याच्यासाठी राखून ठेवा. त्याच्या आतल्या शेजाऱ्यांच्या यादीतून ते दोन रंग खोडा. त्यांच्याकडे पाच होते, तीन उरले. बिंदू काढून टाका. ते आतले शेजारी आता कडेवर आले, आणि कडेवर तीनच रंग लागतात. उरलेला ग्राफ विगमनाने रंगला. काढलेला बिंदू परत ठेवा: राखलेल्या दोन रंगांपैकी फार तर एक कडेवरच्या पलीकडच्या शेजाऱ्याने घेतला असेल, दुसरा आपला. संपलं. साखळ्या नाहीत, अदलाबदल नाही, ऑयलरचं सूत्रसुद्धा नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून पाणी प्यालो आणि पुन्हा वाचलं.

साहजिकच पुढचा विचार येतो: पाचाच्या जागी चार घालून हेच करता येणार नाही का? आतल्याकडे चार, दोन खोडले की उरतात दोन, आणि कडेवर लागतात तीन. एकाने कमी पडतं. मग माणूस कडेच्या अटी हलवायला लागतो. यात महिने जाऊ शकतात. ते जाऊ नयेत म्हणून जर्मनीच्या मार्गिट फॉइग्ट यांचा १९९३चा लेख वाचावा. चार-चार रंगांच्या याद्या दिल्या तर न जमणारा २३८ बिंदूंचा ग्राफ त्यांनी बांधला. १९९६मध्ये मरियम मिर्झाखानी या इराणी विद्यार्थिनीने तसाच ६३ बिंदूंचा बांधला. पुढे २०१४ला फील्ड्स पदक मिळालेल्या त्याच मिर्झाखानी. हे काम केलं तेव्हा त्या विशीच्याही आत-बाहेर होत्या. म्हणजे याद्या वेगवेगळ्या असतील तर चार रंग पुरत नाहीत. तेव्हा चार रंगांच्या कुठल्याही नव्या सिद्धतेला पहिला प्रश्न: सगळ्यांच्या याद्या सारख्याच आहेत, ही गोष्ट तू नेमकी कुठे वापरलीस? कुठेच नाही? मग तुझ्या सिद्धतेतून एक खोटं विधानही सिद्ध होतंय. ठेव बाजूला.

दुसरा प्रश्न: कागद सपाट आहे हे कुठे वापरलंस? वड्याच्या आकाराच्या, मध्ये भोक असलेल्या पृष्ठभागावर सात रंग लागतात. हे हीवूड यांनीच दाखवलं. तिथे दोन साखळ्या एकमेकींना न छेदता जाऊ शकतात. तिसरा प्रश्न एरेरांच्या १७ बिंदूंचा. ज्वारी पाखडून झाली तरी चाळणीतून काढतात, तशा या माझ्या तीन चाळण्या. आपली सिद्धता दुसऱ्याला दाखवायच्या आधी तिघींतून काढायची. बहुतेक वेळा पहिल्याच चाळणीत काम होतं. हे वाईट वाटण्यासारखं नाही. उलट, सिद्धतेचा कच्चा भाग किती लवकर सापडतो यावरच माणूस या विषयात किती मुरला ते ठरतं, असं माझं आता मत झालं आहे. विद्यापीठापासून, मोठ्या ग्रंथालयापासून लांब असलेल्या माणसाला हे जमू शकतं. त्याला यंत्र लागत नाही, सहकारी लागत नाहीत. वही आणि तीन प्रश्न पुरतात.

लांबच्या माणसाचं म्हणाल तर द. रा. कापरेकरांचं उदाहरण आहेच. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करत त्यांनी आकड्यांवर जे काम केलं, त्याची दखल मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात घेतली ती मार्च १९७५मध्ये. त्याच सदरात पुढच्याच महिन्यात, एप्रिलची थट्टा म्हणून, गार्डनरनी ११० प्रदेशांचा एक नकाशा छापला आणि याला पाच रंग लागतात अशी बातमी ठोकून दिली. शेकडो वाचकांनी तो चार रंगांत रंगवून पाठवला. एका महिन्यात देवळालीचे मास्तर आणि दुसऱ्या महिन्यात हा नकाशा, ही लागोपाठची जोडी मला फार आवडते. कापरेकरांच्या कामाला चाळणीची भीती नव्हती, कारण आकडा कागदावर मांडून कुणालाही पडताळता येत होता. रंगांच्या सिद्धतेत ती सोय नाही. हजार ग्राफ रंगवून दाखवले तरी एकही सिद्धता होत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांचं मला अवघड जातं. सोलापूर परिसरात या विषयावर बोलणारा म्हणून नाव झालं की ती येतातच: निवृत्त अभियंते, शिक्षक, एखादा हुशार विद्यार्थी. पानांवर नकाशे सुरेख रंगवलेले असतात. मी त्यांना निकाल सांगत नाही, तिन्ही प्रश्न पाठवतो. काही जण परत लिहितात आणि मग खरी चर्चा होते. काही जण पैसे भरून छापणाऱ्या कुठल्यातरी नियतकालिकात तीच सिद्धता छापून मला तिची प्रत पाठवतात. तिथे कुणी काही विचारत नाही. बढतीसाठी शोधनिबंध मोजायची पद्धत आली तेव्हापासून ही दुकानं फोफावली. चार रंगांचं प्रमेय तिथे किती वेळा ‘सुटलं’ आहे ते बघून हसू येतं.

कुणी असंही विचारतं की प्रत्यक्षातल्या नकाशांना हे लागू तरी पडतं का. नेहमी नाही. आपल्याकडचाच दाखला आहे. संस्थानं होती तेव्हा मंगळवेढा सांगली संस्थानात होतं, सांगलीपासून तुटून लांब. दक्षिण महाराष्ट्रातली बरीच संस्थानं अशीच तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली होती. एका संस्थानाच्या सगळ्या तुकड्यांना एकच रंग द्यायचा म्हटलं की चार रंगांचं प्रमेय हात वर करतं, कारण त्याला प्रत्येक प्रदेश सलग हवा असतो. हीवूड यांनी याही प्रश्नाला हात घातला होता: प्रत्येक राज्याचे दोन-दोन तुकडे असतील तर बारा रंग पुरतात, आणि बारा लागतील असा नकाशाही त्यांनी काढून दाखवला. वर्गात कुणी विचारलं की ‘चारच का,’ तर मी कधीकधी मंगळवेढ्याकडे बोट दाखवतो. उत्तर देत नाही, पण प्रश्नाची धार वाढते.

सध्या माझी वही एका बारक्या प्रश्नावर अडली आहे. याद्या पुन्हा चार-चार रंगांच्या, पण दोन शेजाऱ्यांच्या याद्यांत किती रंग सामाईक असावेत यावर बंधन. चारही सामाईक, म्हणजे याद्या सगळ्या सारख्या, तर जमतं. तेच चार रंगांचं प्रमेय. फार तर एक सामाईक असेल तरीही जमतं; क्राटोख्व्हिल, तुझा आणि फॉइग्ट यांनी ते १९९८मध्ये सिद्ध केलं. तीनपर्यंत सामाईक चालू दिले तर बिघडू शकतं. दोन्ही टोकं ठीक आणि मधेच गोंधळ, हे मला विलक्षण वाटतं. मी दोनवर बसलो आहे. कडेचे दोन बिंदू जोडणाऱ्या आतल्या रेघेपाशी ग्राफ फोडल्यावर दोन्ही तुकड्यांना तीच अट लावता येत नाही, तिथे थांबलो आहे. भंडारकवठ्याची मुलगी आता एम.एस्सी.ला आहे. तिचं म्हणणं, त्या रेघेच्या दोन टोकांच्या याद्या आधी वेगळ्या करून बघाव्यात. याने काय मोडतं ते मला अजून दिसलेलं नाही, म्हणून रविवारी ती आणि मी हे फळ्यावर मांडून बघणार आहोत.